विहिरीचं पाणी, ‘पास’ अहवाल आणि फ्लोराईडची चिठ्ठी

न्यू जर्सीत हंटरडन किंवा ससेक्स काऊंटीत विहीर असलेलं घर घेतलेल्या आपल्या मंडळींची एका बाबतीत फसगत होते. दात किडू नयेत म्हणून मुलाला फ्लोराईडच्या गोळ्या द्यायच्या, तर पाण्यात ते आधीच किती आहे हे बघायला दातांचे डॉक्टर पाण्याचा अहवाल मागतात, आईबाप घरखरेदीची जाडजूड फाईल घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात. घर विकताना कायद्याने विहिरीची तपासणी होते खरी, पण तिच्यात जिवाणू, नायट्रेट, शिसं, आर्सेनिक असतं. फ्लोराईड त्या यादीतच नाही! ते वेगळे पैसे भरून करून घ्यावं लागतं.

नळाचं पाणी असेल तर कंपनीचा वार्षिक अहवाल बघा. तो दरवर्षी 1 जुलैपर्यंत द्यावाच लागतो. पण या राज्यात बऱ्याच ठिकाणी पाण्यात फ्लोराईड घालतच नाहीत, तेव्हा आकडा वाचल्याशिवाय काही गृहीत धरू नका.

बाकी काम सोपं आहे. राज्याची मान्यता असलेल्या लॅबला फोन करायचा, त्यांचीच बाटली आणायची, भरून द्यायची. पण कुठल्या नळाचं पाणी? मूल जे पितं तेच. स्वयंपाकघरात आरओ असेल तर तो बरंचसं फ्लोराईड काढून टाकतो. मग बाहेरच्या नळाचा नमुना देऊन उपयोग काय?

अहवाल आला की लोक ‘पास’ वाचून खूश होतात. तो शिक्का केंद्र सरकारच्या 4 मिलिग्रॅम प्रतिलिटर या कमाल मर्यादेचा. गोळ्यांसाठीची रेघ 0.6 वर आहे. त्याच्या वर गोळी नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2010 च्या तक्त्याप्रमाणे 3 ते 6 वर्षांच्या मुलाला पाणी 0.3 च्या खाली असेल तर रोज अर्धा मिलिग्रॅम, 0.3 ते 0.6 असेल तर पाव. सहा वर्षांच्या पुढे दोन्ही दुप्पट. तेही दात किडण्याचा धोका जास्त असेल तरच. तीन वर्षांखालच्या मुलांना या गोळ्या-थेंब विकू नयेत, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) ऑक्टोबर 2025 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे, त्यामुळे तान्ह्यासाठी जुन्या तक्त्याचं कात्रण घेऊन वाद घालू नका.

अहवालावर ‘पीपीएम’ लिहिलं असेल तर घाबरू नका, पाण्याच्या बाबतीत ते मिलिग्रॅम प्रतिलिटरच. आणि सुट्टीत मुलांना गावी नेताना गोळ्यांची बाटली सोबत टाकण्याआधी डॉक्टरांना विचारा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड 1.5 च्या वर आहे.