सापाच्या खोलीतली चिलटं : नवं कोकोपीट मागवण्याआधी हे वाचा

दर वर्षी जूनचा दुसरा आठवडा उलटला की पाळीव सापांचं साहित्य विकणाऱ्या आमच्या दुकानाच्या फोनवर एकच वाक्य सुरू होतं : "तुमच्या कोकोपीटमधून चिलटं निघाली." कोकोपीट म्हणजे सापाच्या टबमध्ये (साप ठेवायच्या डब्यात) अंथरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा. कोणी व्हिडिओ पाठवतं, कोणी थेट पिशवीच आणून काउंटरवर ठेवतं. सप्टेंबर संपेपर्यंत हे चालतं. तेच उत्तर दिवसातून चारदा देण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. यापुढे कोकोपीटच्या प्रत्येक पाकिटासोबत हा कागद मिळेल.

आधी आरोपाबद्दल. आम्ही कोकोपीट दाबलेल्या, कोरड्या विटांमध्ये विकतो. चिलटांच्या अळीला जगायला ओल लागते, कोरड्या विटेत ती तग धरत नाही. हे तोऱ्यात सांगत नाही, कारण आमचीही एकदा फजिती झाली आहे. पूर्वी ग्राहकांच्या सोयीसाठी आम्ही भिजवून मोकळं केलेलं कोकोपीट पोत्यात भरून ठेवायचो. एका पावसाळ्यात गोदामातलं एक पोतं उघडलं आणि आतून चिलटांचा धूरच निघाला. ते सगळं टाकून दिलं. तेव्हापासून ओलं कोकोपीट दुकानात ठेवत नाही. "सुटं तयार द्या ना" म्हणणाऱ्यांना आम्ही उन्हात वाळवून बंद केलेली पिशवी देतो. ती विटेपेक्षा महाग पडते, कारण त्यात दोन दिवसांचं ऊन आणि एका माणसाची मजुरी असते.

मग चिलटं येतात कुठून? तुमच्या घरातूनच. दोन-चार चिलटं सगळ्यांच्या घरी असतात : कुंडीत, मोरीत, ओल्या कचऱ्याच्या डब्यात. एरवी ती लक्षातही येत नाहीत. सापाच्या खोलीत त्यांना ऊब, ओल आणि खाद्य एकाच ठिकाणी मिळतं, एवढंच.

कोणतं चिलट आहे, ते आधी बघा

लहान काळी माशी म्हणजे एकच माशी, असं समजून लोक उपाय सुरू करतात. पारदर्शक चिकटपट्टीवर दोन-तीन पकडा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठी करून बघा.

बारीक, काळपट, लांब पायांची, डासाच्या पिल्लासारखी दिसणारी आणि धड उडता न येणारी असेल तर ते कुंडीतलं चिलट, म्हणजे फंगस नॅट. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत बहुतेक वेळा हेच असतं. त्याची अळी पांढुरकी, जवळजवळ आरपार दिसणारी असते आणि तिचं डोकं चकचकीत काळं असतं. ओल्या थरातली बुरशी आणि कुजणारा भाग ती खाते. खात्री करायची तर कच्च्या बटाट्याची चकती कोकोपीटवर दाबून ठेवा. (साप आधी दुसऱ्या टबमध्ये हलवा.) दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. अळ्या असतील तर चकतीखाली जमलेल्या दिसतात.

पाठीला कुबड असलेली, उडण्यापेक्षा थांबत-थांबत तुरुतुरु धावणारी माशी दिसली तर प्रकरण वेगळं आहे. ही फोरिड. हिला सडकं मांस आणि विष्ठा लागते. सापाने न खाल्लेला किंवा ओकून टाकलेला उंदीर टब ठेवायच्या रॅकमागे पडला असेल, कोपऱ्यातली शी राहून गेली असेल, किंवा खाद्य म्हणून आणलेल्या गोठवलेल्या उंदराचं रिकामं पाकीट खोलीतल्याच डब्यात टाकलं असेल. ही माशी दिसली की कोकोपीटच्या ओलीबद्दल विचार करत बसू नका, नाकाने शोधा. सापाला जखम असेल तर त्याला लगेच कोऱ्या कागदावर हलवा आणि डॉक्टरांना दाखवा. या माशीच्या अळ्या उघड्या जखमेतही वाढू शकतात.

पंखांवर लव असलेली, इवल्याशा पतंगासारखी, बाथरूमच्या टाइलवर गप्प बसून राहणारी माशी मोरीतली. बरेच जण गोठवलेला उंदीर बाथरूममध्ये बादलीत वितळायला ठेवतात आणि रक्ताळलेलं पाणी तिथेच ओततात. जाळीखालच्या पाइपात चिकट थर साठतो आणि त्यात ती वाढते. ब्लीच ओतून फारसं काही होत नाही, ते थरावरून वाहून जातं. ब्रश घालून थर खरवडावा लागतो.

लाल डोळ्यांची, तपकिरी माशी म्हणजे फळमाशी. तुमच्या सापाचा तिच्याशी काही संबंध नाही. स्वयंपाकघरातली केळी बघा.

आणि पाण्याच्या भांड्यात बुडालेले, न उडणारे काळे ठिपके दिसले तर ती माशी नाहीच. त्या सापाच्या अंगावरच्या बारीक गोचिडी (माइट) असू शकतात. तो विषय गंभीर आहे. त्यासाठी पत्रक वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

ज्या चुकीपायी पैसे जातात

आता मुख्य गोष्ट. चिलटं दिसली की बहुतेक जण सगळं कोकोपीट फेकतात, टब धुतात, आमच्याकडून नवी वीट नेतात, ती भिजवतात आणि त्याच दिवशी अंथरतात. तीन-चार दिवस बरं वाटतं. साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा ढग, आणि पुन्हा आम्हाला फोन.

झालं काय ते बघा. अळ्या तुम्ही फेकल्या, पण खोलीत उडणारी चिलटं तिथेच होती. मोठं झालेलं चिलट आठवडाभर जगतं आणि एक मादी शंभरावर अंडी घालते. तुम्ही त्याच दिवशी ताजं, ओलं, मऊ कोकोपीट पसरून दिलंत. चोवीस-पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून उडत्या चिलटापर्यंत साधारण अडीच-तीन आठवडे लागतात. सापाच्या खोलीत त्याहून ऊब असते, त्यामुळे ते आणखी लवकर होतं. नवी वीट म्हणजे पुढच्या पिढीची सोय.

म्हणून विकणारे असूनही सांगतो : चिलटं असताना आमच्याकडून कोकोपीट घेऊ नका. चार आठवडे सापाला वर्तमानपत्रावर किंवा किचन पेपरवर ठेवा. दिसायला बरं नाही, मान्य. पण सापाला काही फरक पडत नाही, शी कुठे आहे ते लगेच दिसतं आणि चिलटाला अंडी घालायला जागा उरत नाही. कागद ओला झाला की त्याच दिवशी बदला. लपायला दोन्ही बाजूंना डबे ठेवायचेच, कागद आहे म्हणून ते काढू नका. काढलेलं कोकोपीट गॅलरीत पिशवीत भरून ठेवू नका. घराबाहेर द्या किंवा उकळतं पाणी ओतून मग कुंड्यांना वापरा.

त्या चार आठवड्यांत पिवळे चिकट कागद खोलीत, रॅकबाहेर लावा. टबच्या आत कधीही नाही. सापाची कातडी त्या डिंकाला अशी चिकटते की ओढली तर फाटते. चुकून तसं झालंच तर ओढू नका, खाण्याचं तेल हळूहळू लावत सोडवा. रॅकजवळ एक छोटा पंखा, सापावर थेट झोत न येईल असा, चालू ठेवा. कुंडीतल्या चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही, त्यामुळे ते टबपर्यंत पोचतच नाही. फक्त पंख्यामुळे टबचं तापमान उतरत नाही ना, ते बघा.

ओल होते कशी

ही चूक कोणाला आपली वाटत नाही. "मी तर फक्त वरून स्प्रे करतो," असंच सगळे म्हणतात. वरून मारलेलं पाणी खाली उतरतं. वरचा थर संध्याकाळपर्यंत सुकतो, म्हणून तुम्ही परत मारता. खालचे दोन इंच कधी सुकतच नाहीत. त्याखाली हीट मॅट (टब गरम ठेवणारी विजेची चटई) असली तर मग विचारायलाच नको. पाण्याचं भांडं उचलून खाली बोट घालून बघा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. भांडं कोकोपीटवर न ठेवता एका फरशीच्या तुकड्यावर ठेवा.

परदेशी व्हिडिओ बघून रोज दोनदा स्प्रे करणारे बरेच आहेत. ते व्हिडिओ हिवाळ्यात हीटर लावून कोरड्या झालेल्या घरांतले असतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा खरोखर कोरडी असते, तेव्हा स्प्रे करा. जुलैत मात्र खिडकी उघडली तरी ऐंशी टक्के आर्द्रता आत येते. मुंबई-कोकणात त्याहून जास्त. बॉल पायथनला (पाळला जाणारा आफ्रिकेतला छोटा अजगर) साठ टक्क्यांच्या आसपास पुरते. हायग्रोमीटरवर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) आकडा दिसत असताना अजून पाणी कशासाठी?

दुसरं कारण कात. डोळे निळसर-दुधाळ झाले की मालक घाबरतो आणि अख्खा टब भिजवतो. कात नीट निघायला हवी, हे बरोबर. पण त्यासाठी एक ओलं लपण पुरतं. झाकणाचा डबा, त्याला भोक आणि आत घट्ट पिळलेलं शेवाळ (मॉस). साप स्वतःच आत जाऊन बसतो, बाकी टब कोरडा राहतो. एक सांगायचं राहिलं : डोळे दुधाळ होऊन काही दिवसांनी पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात निघते. डोळे साफ दिसले म्हणून डबा काढून घेऊ नका. कात निघाल्यावर काढा आणि शेवाळ उकळत्या पाण्यात घालून वाळवा. असे डबे आमच्याकडे तयार मिळतात, कडा घासून गुळगुळीत केलेले. घरच्या आइस्क्रीमच्या डब्यालाही भोक पाडून चालेल, फक्त कडा घासा.

वीट भिजवतानाही हात आखडा. साधारण ६५० ग्रॅमच्या विटेत बागवाले चार लिटर पाणी घालतात. झाडांसाठी ठीक आहे. सापासाठी अडीच लिटर कोमट पाणी घाला, वीट फुटेपर्यंत थांबा, मग कागदावर पसरून एक दुपार ऊन द्या. मूठभर घेऊन दाबा. थेंब पडता कामा नये, आणि बोटाने टोचल्यावर गोळा सुटला पाहिजे. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली दोन दिवस. तेवढी सवड नसेल तर वाळवलेली पिशवी घ्या, ती त्यासाठीच आहे.

कोथरूडच्या एका ग्राहकांनी हे सगळं केलं. कागदही अंथरला. तरी चिलटं जाईनात. त्यांनी तीन विटा बदलल्या होत्या आणि चौथ्या वेळी ते आमच्यावर जरा चिडलेच. शेवटी फोटो मागवला, तर रॅकच्या वर मनी प्लांटची कुंडी. त्यांच्या आई तिला रोज न चुकता तांब्याभर पाणी घालत. कुंडी गॅलरीत गेली, पंधरा-वीस दिवसांत चिलटं गेली. आईंशी बोलायचं काम त्यांनी स्वतः केलं.

फवारणीबद्दल

मच्छर मारायचा स्प्रे, भिंतीला लावायची लिक्विड मशीन, डांबरगोळ्या : सापाच्या खोलीत काहीही नको. साप त्याच बंद टबमधली हवा घेतो, उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. आणि या फवाऱ्याने मरतं ते उडणारं चिलट. थरातली अळी तशीच राहते. कडुनिंबाच्या तेलाबद्दलही रोज कोणीतरी विचारतं. झाडांना घाला. टबमध्ये घालायला आम्ही सांगत नाही. व्हिनेगरची वाटी फळमाशीला चालते, कुंडीतल्या चिलटाला तिचं फारसं आकर्षण नाही.

खोलीत कुंड्या ठेवायच्याच असतील तर मातीसाठी बीटीआय नावाची जीवाणूंची पावडर मिळते. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तीच. कुंडीतल्या चिलटाच्या अळीवर ती चालते, फोरिडवर चालत नाही. आम्ही विकत नाही, रोपवाटिकेत विचारा.

दुकानात येताना

चिकटपट्टीवरचं चिलट, टबच्या तळाचा फोटो आणि हायग्रोमीटरचा आकडा आणा. पाच मिनिटांत सांगू, काही विकत न घेता. फक्त 'चिलटं आहेत' असा मेसेज आला तर हेच पत्रक पाठवलं जाईल.

आणखी एक, कारण तेही विचारलं जातं. नाग, धामण, घोणस, आपल्याकडचा अजगर असे साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यांच्यासाठी आम्ही ना टब देतो ना सल्ला. घरात असा साप शिरला असेल तर वनविभागाला कळवा. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद झालेली असावी. मोठा टब बनवून घ्यायचा असेल तर ऑर्डर देताना त्या नोंदीची प्रत सोबत ठेवा. टबचं माप घेताना रॅकची मागची बाजूही मोजा, तिथे हात जाईल एवढी फट हवीच. न खाल्लेले उंदीर बहुतेक वेळा तिथेच सापडतात.