शेतमजुरांचं पोषण आणि कमाई (सोलापूर जिल्हा)

खाणं कमी पडलं की अंगात ताकद राहत नाही, ताकद नाही म्हणून काम कमी उरकतं, काम कमी म्हणून मजुरी कमी आणि मग परत ताटात कमीच, असं हे चक्र. अर्थशास्त्रात हार्वे लीबेनस्टाइननं ते १९५७ मध्ये मांडलं.

सोलापूरकडं हे लगेच कळतं कारण इथली बरीच कामं अंगावरची. ऊसतोडीचा हिशोब टनावर, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकाचं अंग दुखलं तरी दोघांचा खाडा. रोजगार हमीवरही खोदलेली माती मोजूनच पैसे. खुरपणीला दिवसाची मजुरी सगळ्यांना सारखी असते, पण अशक्त बाईला मुकादम दुसऱ्यांदा बोलवेलच असं नाही.

यावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच भागाशी जोडलेला आहे. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९७५ पासून कोरडवाहू गावांतल्या घरांची माहिती वर्षानुवर्षं गोळा केली, त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही गावं होती. या माहितीच्या आधारे अर्थतज्ज्ञ अनिल देवळालीकरांनी १९८८ मध्ये दाखवलं की त्या-त्या दिवशीच्या कॅलरीनं मजुरीत फारसा फरक पडत नाही, उंचीच्या मानानं वजन किती यानं मात्र खूप पडतो. म्हणजे आज पोटभर जेवण दिलं आणि उद्या काम वाढलं असं होत नाही, शरीर कमवायला वर्षं जातात, आणि लहानपणी खुंटलेली उंची तर पुढं भरून निघणं फार अवघड.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना ऑक्सिजन कमी, मग मोळी डोक्यावर घेतली की धाप लागते. इंडोनेशियातल्या रबर मजुरांवर १९७९ मध्ये छापलेल्या अभ्यासात लोहाच्या गोळ्यांनी अ‍ॅनिमिया असलेल्यांचं काम चांगलंच वाढलं होतं. ज्वारीत लोह आहे पण ते अंगाला कमी लागतं, त्यात भाकरीबरोबर चहा घेतला की अजून कमी, लिंबू पिळलं तर जास्त लागतं. डाळ, अंडी, पालेभाजी ताटात यायला मात्र पैसाच लागतो, आणि घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते ही सवय मोडल्याशिवाय तिच्या वाट्याला ते येणार कसं?

१९७२ च्या दुष्काळात कामावर सुकडी वाटली जायची, कामाच्या जागीच खाणं मिळायचं. तोडीवर गेलेल्या कुटुंबाला आज तसं काही नाही, गावची अंगणवाडी आणि आशाताई गावातच राहतात आणि हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने गोळ्या, वजन, तपासणी सगळंच सुटतं.