आधी चिठ्ठी, मग चर्चा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड उतरला की खोड मागे राहतं. खोडवा, म्हणजे त्याच बुंध्याच्या पिलावर पुढचं पीक, धरला तरी आधीचं खोड कधीतरी कापावंच लागतं. मग ते बांधावर पडतं, नाहीतर तिथेच कुजतं. त्यातून धागा निघतो, खत होतं, हे इथल्या प्रत्येक बागायतदाराला माहीत आहे. तरी बऱ्याच शिवारांत खोड पडूनच असतं.

समजा, एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक या खोडाचं काय करायचं ते ठरवायला बसले. एक जण धागा, कागद, गांडूळखत अशा कल्पना मांडत सुटतो. दुसरा म्हणतो, खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते वाहून न्यायचं भाडं कोण देणार? तिसरा म्हणतो, चार जण ठरवतील तसं करू.

यातला तिसरा बिनकामाचा, असं आपण सहज म्हणून टाकतो. एला मिरॉन-स्पेक्टर, मिरियम एरेझ आणि एतान नावेह या इस्रायली संशोधकांच्या २०११ च्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे. त्यांनी ४१ संशोधन-विकास गट तपासले. कल्पक माणसांसोबत चारचौघांशी जुळवून घेणारी माणसं असतील, तर अगदी नव्या वाटेचं काम अधिक झालेलं दिसलं. कल्पक माणसांमुळे वाद वाढतात आणि ठरलेल्या पद्धती मोडतात. जुळवून घेणारी माणसं गटाला सावरून धरतात. खानदेशाला हे नवं वाटू नये. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत एका फडात, म्हणजे एकाच पाटाखालच्या जमिनीच्या पट्ट्यात, सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचं. आपला हट्ट बाजूला ठेवणाऱ्यांच्या जोरावर ती शतकानुशतकं चालली. बारीक तपशिलात शिरणाऱ्यांमुळे मात्र नव्या वाटेच्या कामाला खीळ बसलेली त्या इस्रायली अभ्यासात आढळली.

मग सगळ्या प्रकारची माणसं जमेल तेवढी कोंबावीत का? नाही. ईशानी अग्गरवाल, अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं, की विचारांच्या धाटणीतली विविधता मध्यम असते तेव्हा गटाची सामूहिक बुद्धिमत्ता, म्हणजे सगळ्यांनी मिळून वेगवेगळी कामं पार पाडायची क्षमता, सर्वाधिक असते. फारच सारखी माणसं एकाच बाजूने बघतात, फारच वेगळ्यांना एकमेकांचं म्हणणं उमगत नाही.

माझ्या मते माणसं निवडण्याइतकंच, कोणी केव्हा बोलायचं हेही महत्त्वाचं आहे, आणि आपल्या बैठका तिथेच फसतात. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या चौघांपेक्षा, वेगवेगळे बसून विचार करणाऱ्या चौघांच्या एकत्रित यादीत कल्पना जास्त निघाल्या. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी १९८७ मध्ये त्याचं मुख्य कारण शोधलं: एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबून राहतात, आणि तेवढ्यात त्यांचा विचार अडतो किंवा ते तो विसरतात. आपल्याकडे तर पहिला शब्द बहुतेक वेळा सगळ्यांत मोठ्या बागायतदाराचा. त्यानंतर धाकटा भाऊ किंवा बचतगटातली ताई वेगळं काय बोलणार?

म्हणून खोडाच्या बैठकीत आधी प्रत्येकाने आपापली चिठ्ठी लिहावी, नाव न घालता. सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचाव्यात, त्या दिवशी कुणीही खोट काढू नये. भाड्याचा प्रश्न विचारणाऱ्याची पाळी पुढच्या बैठकीत. तेव्हा त्याला पूर्ण वेळ द्यावा; धागा काढायचं यंत्र गावात आणायचं की खोड यंत्रापर्यंत न्यायचं, याचा हिशोब त्याच्याइतका काटेकोर दुसरं कुणी करणार नाही.