अपॅरंट : उघड की वरकरणी?

इंग्रजी बातम्या वाचताना ‘अपॅरंट’ आणि ‘अपॅरंटली’ हे शब्द पावलोपावली भेटतात. संदर्भावरून अर्थ लागतो, आपण पुढे सरकतो. पण ‘ढळढळीत दिसणारे’ आणि ‘नुसते दिसणारे, प्रत्यक्षात असेलच असे नाही’ हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दाच्या पदरात आहेत. त्यातला जुना अर्थ कोणता, हे विचारले तर बहुतेकांचे उत्तर चुकते.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘नजरेसमोर येणे’. ‘अपिअर’ आणि ‘अपॅरिशन’ ही त्याचीच भावंडे. जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्रजीत आला तो ‘उघड, निर्विवाद’ या अर्थाने. १६११च्या इंग्रजी बायबलात देव मोशे या प्रेषिताबद्दल सांगतो की, त्याच्याशी मी समोरासमोर, ‘अपॅरंटली’ बोलेन, गूढ शब्दांत नाही. आजच्या वाचकाला हे ‘बोलेन म्हणे’ असे ऐकू येईल आणि देवाच्या शब्दावरच शंका घेतल्यासारखे होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भाषांतर सुधारले गेले, तेव्हा त्या जागी ‘मॅनिफेस्टली’, म्हणजे ‘उघडपणे’, आला.

दुसऱ्या अर्थाला बळ मिळाले ते सतराव्या शतकात. सूर्य फिरताना दिसतो, फिरते मात्र पृथ्वी. अशा दिसण्याला काहीतरी नाव हवे होते. न्यूटनच्या १६८७च्या प्रसिद्ध लॅटिन ग्रंथात काळाचेच दोन भाग पाडले आहेत : एक खरा, गणिती, दुसरा सापेक्ष, ‘अपॅरंट’. याचा व्यवहारातला पुरावा म्हणजे सूर्यतबकडी. तिच्यावरची ‘अपॅरंट’ वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांत नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटांचा फरक पडतो. तरीही ब्रिटिश नाविक पंचांग १८३३पर्यंत ‘अपॅरंट’ वेळच छापत होते. १८३४पासून ते सरासरी वेळेवर आले. ताऱ्यांची दृश्य प्रत (पृथ्वीवरून दिसणारी तेजस्विता), शिडाच्या बोटीला जाणवणारा वारा, हवामान खात्याचे ‘जाणवणारे तापमान’ ही सगळी याच वाटेवरची पुढची मंडळी.

खरा गुंता आहे तो ‘एअर अपॅरंट’ या जोडशब्दात (‘एअर’ म्हणजे वारस). इथे जुना अर्थ गोठून राहिला आहे. हा ‘वरकरणी वारस’ नव्हे, तर पक्का वारस. राजाच्या हयातीत आणखी कोणीही जन्माला आले तरी ज्याची जागा जात नाही, तो. ज्याची जागा एखाद्या जन्माने जाऊ शकते, तो ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’, म्हणजे तूर्तास गृहीत धरलेला वारस. ब्रिटनमध्ये धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या पुढे जात असे. त्यामुळे राजाची मुलगी कितीही थोरली असली तरी तिला दुसऱ्या पायरीवरच थांबावे लागे. भाऊ जन्मण्याची शक्यता कायद्याच्या लेखी कधीच संपत नसे.

कायदा ही शक्यता किती ताणत असे? जून १८३७मध्ये राजा चौथा विल्यम वारला आणि त्याची १८ वर्षांची पुतणी व्हिक्टोरिया गादीवर आली, तेव्हाच्या राजघोषणेत एक पुरवणी होती : दिवंगत राजाच्या पत्नीला पुढे त्याचे अपत्य झाले, तर त्याचे हक्क अबाधित राहतील. ही विधवा राणी तेव्हा ४४ वर्षांची होती!

याहून वादग्रस्त निर्णय १९४४चा. राजा सहावा जॉर्ज याची थोरली मुलगी एलिझाबेथ त्या एप्रिलमध्ये १८ वर्षांची होणार होती. तिला ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ करावे, अशी सूचना वेल्समधल्या राजकारण्यांनी केली. राजाने ती फेटाळली. त्याचे म्हणणे असे की, हा किताब प्रिन्स ऑफ वेल्सच्या पत्नीचा, आणि प्रिन्स ऑफ वेल्स नेहमी ‘एअर अपॅरंट’च असतो. मुलगी तर ‘प्रिझम्प्टिव्ह’. परंपरेच्या हिशेबाने राजा चुकला असे म्हणता येत नाही. पण राजाला मुलगा होईल असे तेव्हा कोणाला खरोखर वाटत होते, हा प्रश्न उरतोच. डिसेंबर १९३६ ते फेब्रुवारी १९५२, म्हणजे १५ वर्षांहून अधिक काळ, सगळ्या जगाला जी भावी राणी ‘अपॅरंट’ दिसत होती, ती कागदोपत्री अपॅरंट नव्हती. उलट ती गादीवर आली त्याच क्षणी तिचा तीन वर्षांचा मुलगा चार्ल्स मात्र ‘अपॅरंट’ झाला.

हा भेद दूर व्हायला २०११ उजाडले. त्या ऑक्टोबरमध्ये तोच राजमुकुट मानणाऱ्या १६ देशांनी बदलाला संमती दिली, २०१३मध्ये ब्रिटनने कायदा केला आणि मार्च २०१५पासून तो लागू झाला. २८ ऑक्टोबर २०११नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत मुलगा-मुलगी हा फरक उरला नाही. २०१८मध्ये धाकटा भाऊ जन्मला तरी दोन वर्षांच्या राजकन्या शार्लटचा क्रम हलला नाही. आता राजाचे पहिले अपत्य मुलगी असेल, तर तीही एअर अपॅरंट होऊ शकते. ‘प्रिझम्प्टिव्ह’ उरला तो मुख्यतः निपुत्रिक राजाच्या भावंडा-पुतण्यांपुरता.

गंमत अशी की, कायद्याने ज्या शब्दाला एवढे काटेकोर जपले, त्याची वर्तमानपत्रांनी पुरती वाट लावली. पक्षाध्यक्षाचा किंवा कंपनीप्रमुखाचा ‘एअर अपॅरंट’ म्हणून ज्याचा फोटो छापतात, तो एका बैठकीत बाहेर पडू शकतो. म्हणजे असलाच तर प्रिझम्प्टिव्ह. ‘अपॅरंट हार्ट अटॅकने निधन’ हाही त्याच कारखान्यातला माल. शंका असते ती कारणाबद्दल आणि विशेषण चिकटते झटक्याला. भासमान झटक्याने कोणी मरत नाही, हे इंग्रजी पत्रकारितेच्या शैलीपुस्तिकांना बजावून सांगावे लागते. क्रियाविशेषण क्रियापदाजवळ ठेवले की काम भागते, पण मथळ्यात जागा कमी असते.