फॉलोऑन

दोन-दोन डावांच्या क्रिकेट सामन्यात आधी फलंदाजी केलेल्या संघाने पहिल्या डावात ठरावीक धावांची आघाडी मिळवली, तर प्रतिस्पर्ध्याला त्याचा दुसरा डाव पहिल्याच्या पाठोपाठ खेळायला लावण्याचा हक्क त्या संघाला मिळतो. या हक्काला फॉलोऑन म्हणतात. मराठी समालोचनात फॉलोऑन 'लादला' जातो, 'टाळला' जातो, 'वाचवला' जातो, आणि वर्तमानपत्री मथळ्यांत त्याच्याशेजारी 'नामुष्की' हा शब्द जवळजवळ ठरलेलाच असतो. नियमाचा मात्र नामुष्कीशी संबंध नाही, तो वेळेशी आहे. एका संघाने धावांचा डोंगर रचला आणि दुसरा लवकर गारद झाला, तर पहिल्याने पुन्हा फलंदाजी करण्यात दिवस घालवू नये आणि सामना निकाली निघावा, यासाठी तो आहे.

हक्क फक्त आधी फलंदाजी केलेल्या संघाला असतो. नंतर फलंदाजी करणाऱ्या संघाने चारशेची आघाडी घेतली तरी फॉलोऑनचा प्रश्न येत नाही, कारण पुढचा डाव तसाही समोरच्याचाच असतो.

किती धावांचा फरक लागतो

क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या लंडनच्या क्लबच्या नियमावलीतला हा चौदावा नियम. सामना पाच किंवा अधिक दिवसांचा असेल तर किमान २०० धावांची आघाडी लागते, तीन किंवा चार दिवसांचा असेल तर १५०, दोन दिवसांचा असेल तर १०० आणि एका दिवसाचा असेल तर ७५. म्हणून चार दिवसांच्या रणजी साखळी सामन्यात आकडा १५० असतो. २०१७ साली पोर्ट एलिझाबेथला दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वे चार दिवसांची कसोटी खेळले, तिथेही १५०च होता.

हिशेबात हमखास होणारी चूक एका धावेची असते. 'किमान २००' याचा अर्थ बरोबर २०० धावांची आघाडीही पुरते. त्यामुळे फॉलोऑन टाळायला लागणारी धावसंख्या म्हणजे समोरच्याच्या एकूण धावांतून २०० नव्हे, १९९ वजा केल्यावर उरणारा आकडा. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने ४४५ केल्या तेव्हा भारताला २४६ हव्या होत्या. ९ बाद २१३ वर जसप्रीत बुमरा आणि आकाश दीप एकत्र आले, आकाश दीपने पॅट कमिन्सला चौकार मारून २४६ गाठल्या आणि ड्रेसिंग रूममध्ये सामना जिंकल्यासारखा जल्लोष झाला. पावसाने आधीच बराच खेळ खाल्लेला असताना त्या चौकाराने पराभवाची वाट जवळपास बंद केली होती, म्हणून तो जल्लोष अवाजवी नव्हता. कसोटी अनिर्णित राहिली.

याच हिशेबाचे सगळ्यांत देखणे उदाहरण १९९० च्या लॉर्ड्स कसोटीतले. इंग्लंडने ग्रॅहम गूचच्या ३३३ धावांच्या जोरावर ४ बाद ६५३ वर डाव घोषित केला होता. भारत ९ बाद ४३०, म्हणजे अजून २४ धावा कमी, आणि कपिल देवच्या जोडीला नरेंद्र हिरवाणी. कपिलने एडी हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार मारले. झाल्या ४५४, ना एक कमी ना एक जास्त. पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर हिरवाणी पायचीत झाला. भारताने ही कसोटी २४७ धावांनी गमावली, हे मात्र षटकारांच्या आठवणीत बहुतेकांना आठवत नाही. फॉलोऑन वाचला म्हणजे सामना वाचला असे होत नाही.

पहिला दिवस वाहून गेला तर

नियमातले खरे कोडे इथे आहे. पहिल्या दिवशी एकही चेंडू पडला नाही, तर सामना जितक्या दिवसांचा उरला तितक्या दिवसांचाच धरला जातो. पाच दिवसांची कसोटी चार दिवसांची होते आणि फरक २०० वरून १५० वर येतो. मधला एखादा दिवस गेला तर मात्र काहीही बदलत नाही. २०२४ च्या कानपूर कसोटीत पहिल्या दिवशी ३५ षटके झाली आणि दुसरा-तिसरा दिवस पूर्ण वाया गेला, तरी आकडा २००च राहिला. थोडासाही खेळ झाला की पहिला दिवस मोजला गेला.

या पोटनियमाने भारतीय क्रिकेटला एक मोठा क्षण दिला. फेब्रुवारी १९७१, वेस्ट इंडिजमधल्या किंग्स्टनचे सबाइना पार्क मैदान. पहिला दिवस पावसात गेला. भारत ५ बाद ७५ असा कोसळला होता. तिथून दिलीप सरदेसाईने एकनाथ सोलकरच्या साथीत १३७ धावांची भागी केली आणि स्वतः २१२ केल्या. परदेशातले कोणाही भारतीयाचे ते पहिले द्विशतक. भारत ३८७, वेस्ट इंडिज २१७, फरक १७०. यजमानांच्या हिशेबी फॉलोऑन तीस धावांनी टळला होता. भारताचे कर्णधार अजित वाडेकर यजमानांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांचा कर्णधार गॅरी सोबर्सला सांगितले की तुम्हाला पुन्हा फलंदाजी करायची आहे. सोबर्स चकित झाला, पण वाडेकरांचा हिशेब बिनचूक होता. वेस्ट इंडिजवर भारताने फॉलोऑन लादण्याची ती पहिलीच वेळ. रोहन कन्हायच्या नाबाद १५८ आणि सोबर्सच्या ९३ धावांनी यजमानांनी ती कसोटी वाचवली, पण मालिका भारताने १-० अशी जिंकली.

मडगावात जन्मलेल्या आणि मुंबईकडून खेळलेल्या सरदेसाईने फॉलोऑनची दुसरी बाजू सहा वर्षे आधीच पाहिली होती. मार्च १९६५ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर न्यूझीलंडच्या २९७ धावांपुढे भारत ८८ धावांत आटोपला. फॉलोऑननंतर सरदेसाईने नाबाद २००, चंदू बोर्डेंनी १०९ केल्या, ५ बाद ४६३ वर डाव घोषित झाला आणि न्यूझीलंड ८ बाद ८० वर कसेबसे तगले. आणखी दोन बळी पडले असते तर फॉलोऑननंतर जिंकण्याचा जो इतिहास २००१ मध्ये कोलकात्यात घडला, तो छत्तीस वर्षे आधी मुंबईत घडला असता.

निर्णयाची रीत

दुसऱ्या संघाचा डाव संपला की आघाडी घेतलेल्या कर्णधाराने आपला इरादा प्रतिस्पर्धी कर्णधाराला आणि पंचांना कळवायचा असतो. एकदा कळवला की बदलता येत नाही. दोन डावांमध्ये दहा मिनिटे असतात आणि तेवढ्यात बरीच कामे उरकायची असतात. नव्या डावाआधी खेळपट्टीवर जास्तीत जास्त सात मिनिटे रोलर फिरवून घेण्याचा हक्क फलंदाजी करणाऱ्या संघाचा. फॉलोऑनमध्ये तो हक्क पिछाडीवरच्या संघाकडे जातो. शिवाय नुकतेच पॅड काढून बसलेल्या सलामीवीरांना पुन्हा सज्ज व्हावे लागते. गोलंदाजांच्या बाजूने फायदा असा की डाव नवा म्हणून चेंडूही नवा मिळतो. तो टाकायला दमलेलेच हात असतात, हा तोटा.

सक्तीचा काळ

फॉलोऑन आज ऐच्छिक असला तरी पूर्वी तो सक्तीचा होता. १८३५ मध्ये तो नियमांत आला तेव्हा १०० धावांची पिछाडी झाली की डाव आपोआप पाठोपाठ खेळावा लागे. १८५४ मध्ये ती मर्यादा ८० झाली, १८९४ मध्ये १२०. सक्तीमुळे एक विचित्र प्रकार रंगू लागला. प्रतिस्पर्ध्याला फॉलोऑन मिळू नये म्हणून पुढे असलेला संघच मुद्दाम धावा देऊ लागला, कारण घासलेल्या खेळपट्टीवर शेवटी फलंदाजी करायची कोणाला हौस नव्हती. ऑक्सफर्ड-केंब्रिज सामन्यात १८९३ आणि १८९६ साली केंब्रिजच्या गोलंदाजांनी हेच केले. १८९६ ला लॉर्ड्सवर प्रेक्षक भडकले, आणि ऑक्सफर्डने शेवटच्या डावात ३३० धावा काढून सामनाही जिंकला. १९०० मध्ये मर्यादा १५० झाली आणि निर्णय कर्णधारावर सोपवला गेला.

फॉलोऑननंतर जिंकलेल्या कसोट्या

२०२३ पर्यंत अशा चारच कसोट्या झाल्या, आणि पहिल्या तिन्हींत हरणारा संघ ऑस्ट्रेलियाच होता. त्यांतली पहिली, डिसेंबर १८९४ ची सिडनी कसोटी, सक्तीच्या काळातली. म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराला तिथे निवड नव्हतीच. ऑस्ट्रेलिया ५८६, इंग्लंड ३२५ आणि ४३७. लक्ष्य १७७. पाचव्या दिवसअखेर ऑस्ट्रेलिया २ बाद ११३ असताना रात्री पाऊस पडला, उघडी खेळपट्टी सकाळच्या उन्हात चिकट झाली, बॉबी पीलने ६ बळी घेतले आणि इंग्लंड १० धावांनी जिंकले. खेळपट्टी झाकायची पद्धत तेव्हा नव्हती, त्यामुळे हा विजय आजच्या कर्णधाराला धडा म्हणून फारसा उपयोगी नाही.

१९८१ ची हेडिंग्ले कसोटी जास्त शिकवते. ऑस्ट्रेलिया ९ बाद ४०१ घोषित, इंग्लंड १७४, फॉलोऑननंतर ७ बाद १३५. अजून ९२ धावांची पिछाडी. इयन बोथम नाबाद १४९, ग्रॅहम डिलीसोबत ११७ ची भागी, डिलीच्या ५६. लक्ष्य १३० चे, आणि १ बाद ५६ वरून ऑस्ट्रेलिया १११ वर सर्वबाद. बॉब विलिसचे ४३ धावांत ८ बळी. लहान लक्ष्य, उडणारी खेळपट्टी आणि चौथा डाव, फॉलोऑन लादणाऱ्याचा मोठा धोका तो हाच.

मार्च २००१ च्या कोलकाता कसोटीतली २७४ धावांची पिछाडी या चौघांत सर्वांत मोठी. मुंबईत तीन दिवसांत हरलेला भारत ईडन गार्डन्सवर ४४५ ला उत्तर देताना १७१ वर आटोपला. पहिल्या डावात ५९ केलेल्या लक्ष्मणला तिसऱ्या क्रमांकावर बढती मिळाली. लक्ष्मण २८१, राहुल द्रविड १८०, पाचव्या बळीसाठी ३७६. चौथ्या दिवशी या दोघांपैकी एकही बाद झाला नाही. भारताचा दुसरा डाव १७८ षटके चालला, आणि मॅग्रा, गिलेस्पी, कॅस्प्रोविच, वॉर्न यांनी ती पहिल्या डावाच्या सुमारे ५८ षटकांना जोडून टाकली. वॉर्नला १५२ धावांत एकच बळी. शेवटच्या दिवशी चहापानाला ३ बाद १६१ असलेला ऑस्ट्रेलिया हरभजनच्या सहा आणि सचिनच्या तीन बळींपुढे २१२ वर संपला. भारताचा विजय १७१ धावांचा, म्हणजे पहिल्या डावात जितक्या केल्या तितक्याच. आणखी एक योगायोग: ७ बाद ६५७ हा भारताचा आकडा. १९५८ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध ब्रिजटाऊनला फॉलोऑननंतर पाकिस्ताननेही ६५७च केल्या होत्या, ८ बाद. हनीफ मोहम्मद तिथे ९७० मिनिटे खेळून ३३७ वर बाद झाला आणि सहा दिवसांची ती कसोटी अनिर्णित राहिली.

चौथी वेलिंग्टनची, फेब्रुवारी २०२३. इंग्लंड ८ बाद ४३५ घोषित, न्यूझीलंड २०९ आणि ४८३, विल्यमसन १३२. २५८ च्या पाठलागात इंग्लंड २५६. नील वॅग्नरच्या लेग साइडला जाणाऱ्या चेंडूवर अँडरसन यष्टीमागे झेलबाद झाला आणि निकाल एका धावेने लागला. कसोटीत एका धावेचा विजय त्याआधी फक्त एकदा, १९९३ ला अ‍ॅडलेडमध्ये वेस्ट इंडिजने मिळवला होता.

लादावा की नाही

कोलकात्यानंतर कर्णधार सावध झाले. नकाराची कारणे ठरलेली: गोलंदाजांना विश्रांती, आणि चौथ्या डावात स्वतः फलंदाजी करावी लागू नये. किंमतही ठरलेली, साधारण दोन सत्रे. २००७ ला ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध ३१९ ची आघाडी असूनही कर्णधार द्रविडने फॉलोऑन दिला नाही. दुसऱ्या डावात भारत ३ बाद ११ झाला, द्रविड स्वतः ९६ चेंडूंत १२ करून बाद झाला आणि कसोटी अनिर्णित राहिली. मालिकेत भारत १-० पुढे होता, त्यामुळे निर्णय भित्रा म्हटला तरी चुकीचा म्हणता येत नाही. २०१८ ला मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध विराट कोहलीने २९२ च्या आघाडीनंतर हेच केले, ३३ धावांत ६ बळी घेतलेल्या बुमराला विश्रांती मिळाली आणि भारत १३७ धावांनी जिंकला.

लादल्यावर काय बिघडू शकते ते २००५ च्या ट्रेंट ब्रिजवर दिसले. २५९ च्या आघाडीवर मायकल वॉनने ऑस्ट्रेलियाला पुन्हा बोलावले, दुसऱ्या डावात सायमन जोन्स घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला, ऑस्ट्रेलियाने ३८७ केल्या आणि १२९ गाठताना इंग्लंडचे सात गडी बाद झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत भारताने वेस्ट इंडिजवर २७० च्या आघाडीनंतर फॉलोऑन लादला, पण खेळपट्टी फुटण्याऐवजी मंदावली. कॅम्पबेल आणि होपची शतके झाली आणि भारतीय गोलंदाजांना दोनशे षटके सलग टाकावी लागली. भारत जिंकला, पण १२१ धावांसाठी पुन्हा मैदानात उतरून.

उलट जिथे खेळपट्टी तुटत जाते आणि गोलंदाज ताजे असतात तिथे फॉलोऑन सरळ काम करतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला भारत ५ बाद ६०१, दक्षिण आफ्रिका २७५. तिसऱ्या दिवसाचा खेळ त्या डावाबरोबरच संपला, रात्रीची विश्रांती गोलंदाजांना फुकट मिळाली आणि चौथ्या दिवशी पाहुणे १८९ वर आटोपले. डाव आणि १३७ धावांनी विजय. पहिला डाव दिवसाच्या शेवटी संपतो की सकाळी, हा मुद्दा आघाडीच्या आकड्याइतकाच वजनदार असतो. रणजीच्या साखळीत आणखी एक आमिष असते: डावाने जिंकल्यास सहाऐवजी सात गुण मिळतात.