समुद्रतळाच्या गाळातला परका दगड

कराडच्या प्रीतिसंगमापासून सांगलीच्या घाटापर्यंत कृष्णेच्या पात्रातले गोटे बहुतांशी काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचेच असतात, कारण वरच्या खोऱ्यात नदीला दुसरा खडक जवळजवळ भेटतच नाही. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले, तेव्हाही ग्रॅनाइटी खडक लागला तो सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट पार केल्यावर. म्हणूनच या पात्रात ग्रॅनाइटचा गोटा दिसला, तर तो येथे कोणी आणून टाकला, असे भूशास्त्राचा विद्यार्थी विचारणारच.

खोल समुद्राच्या तळाशी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो, आणि तोही अतिसूक्ष्म चिकणमातीचा व फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांचा. अशा गाळात भरड वाळू आणि खडे मिळाले, तर ते तेथवर नेणे सागरी प्रवाहांच्या आवाक्याबाहेरचे असते. हिमनग मात्र ते सहज करतो. जमिनीवरून सरकणारी हिमचादर बुडाशी खडकांचा चुरा गोठवून घेते, तिचा तुटलेला तुकडा समुद्रात वाहत जातो आणि वितळताना ते ओझे खाली सोडतो. हार्टमुट हाइनरिख यांनी 1988 मध्ये उत्तर अटलांटिकच्या गाळात असे अनेक थर दाखवून दिले. त्यांत कवचे विरळ आणि खडे विपुल होते. पुढील संशोधनात त्यांतील चुनखडी व डोलोमाइटच्या कणांचा माग कॅनडातील हडसन सामुद्रधुनीकडे लागला, म्हणजे उत्तर अमेरिकेवरील हिमचादर गेल्या हिमयुगात वारंवार मोठ्या प्रमाणावर ढासळत होती.

कवचांची साक्ष वेगळी आहे. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन-16 तुलनेने अधिक निघून जातो व हिमचादरींत अडकून पडतो, त्यामुळे बर्फ वाढला की समुद्रात जड ऑक्सिजन-18 चे प्रमाण वाढते, आणि त्या पाण्यात घडणाऱ्या कवचांत ते नोंदले जाते. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची ही कवचे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक करून वेचावी लागतात. त्यांतील ऑक्सिजनवर पाण्याच्या तापमानाचाही परिणाम होतो. तो वेगळा काढण्यासाठी कवचातील मॅग्नेशियम व कॅल्शियमचे गुणोत्तर उपयोगी पडते. शिवाय ही पद्धत जगातील एकूण बर्फाचा अंदाज देते, कोणती हिमचादर कोठे मागे हटली हे सांगत नाही. माझ्या मते खड्यांचे खरे मोल येथेच आहे.

अंटार्क्टिकाजवळ अडचण अशी की, तळाला टेकलेला बर्फ पुढे सरकताना आधीचा गाळ खरवडून नेतो, म्हणजे पुरावा देणाराच पुरावा पुसतो. तरीही अँड्रिल या छिद्रण प्रकल्पाने रॉस हिमफळीवरून, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावरून, खालचे शेकडो मीटर पाणी ओलांडून, तळात सुमारे 1,285 मीटर खोल छिद्र घेतले. बाहेर काढलेल्या दंडगोलांत खडे, वाळू आणि माती यांचा न निवडलेला काला आणि डायटम शैवालांच्या कवचांचा थर आलटून पालटून येतात. पहिला टेकलेल्या बर्फाने ठेवलेला. दुसरा सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या खुल्या समुद्रातला, कारण डायटमना प्रकाशाशिवाय वाढता येत नाही. सुमारे 30 ते 50 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइड आजच्या पातळीच्या जवळपास असताना, येथे बर्फ वारंवार हटत होता.

पूर्व अंटार्क्टिकाची हिमचादर अधिक स्थिर मानली जात असे. तेथील विल्क्स लँड या प्रदेशाच्या किनाऱ्यासमोरील त्याच काळातील गाळात मात्र निओडिमियम व स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे) जे प्रमाण मिळाले, ते आज बर्फाखाली दडलेल्या, आतल्या भागातील खडकांशी जुळते. तो चुरा समुद्रात येण्यासाठी बर्फाची कड शेकडो किलोमीटर आत सरकून त्या खडकांवर झीज करत असली पाहिजे. त्या भागात बर्फाखाली असलेल्या खोऱ्याचा तळ बऱ्याच ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि तेथील बर्फ वितळल्यास जगभरातील समुद्राची पातळी 3 ते 4 मीटरने वाढेल.