डुप्ले (फ्रेंच आडनाव)

डुप्ले : एक विरळ फ्रेंच आडनाव. फ्रेंच लेखनात ते डी-यू-पी-एल-ई-आय-एक्स अशा सात अक्षरांनी लिहिले जाते. मराठी वाचकाला ते परिचित आहे ते एकाच माणसामुळे, पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर-जनरल झोझेफ फ्रांस्वा डुप्ले (१६९७–१७६३) याच्यामुळे. शालेय इतिहासातील कर्नाटकच्या युद्धांच्या प्रकरणाबाहेर या नावाशी आपला संबंध सहसा येत नाही. त्या पुरुषाचे चरित्र हा येथे विषय नाही. त्याच्या आडनावाची व्युत्पत्ती, त्यातील अखेरच्या एक्स या अक्षराचा उच्चार आणि नावाचा आजचा प्रसार एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

आडनावाची फोड ‘द्यू’ आणि ‘प्लेक्स’ अशी होते, याबद्दल फारसे दुमत नाही. ‘द्यू’ म्हणजे ‘च्या’ किंवा ‘येथील’. म्हणजे हे स्थलवाचक आडनाव, आपल्या ‘-कर’ प्रत्ययाच्या जातीचे. (हा ‘द्यू’ सुटा लिहिला की घराणे सरदारांचे, हा समज फ्रान्समध्येही आढळतो. तो निराधार आहे. शेतकऱ्यांच्या आणि सुतारांच्या आडनावांतही ‘द्यू’ भरपूर सापडतो.) ‘प्लेक्स’ हे ‘प्लेसी’ या फार मोठ्या स्थलनामकुलातील एक प्रादेशिक रूप मानतात. प्लेसी म्हणजे जिवंत झुडपे विणून केलेली वई आणि पुढे अशा वईने वेढलेली जागा. झुडपाचे खोड बुंध्यापाशी अर्धेअधिक चिरून आडवे वाकवायचे आणि रोवलेल्या खुंट्यांमधून विणत न्यायचे, अशी ही रीत. साल एका बाजूने जोडलेली राहिल्याने खोड मरत नाही. वसंतात त्याला उभे फुटवे येतात आणि वई गुरांना भेदता येऊ नये इतकी दाट होते. जागेला तटबंदी करण्याची ऐपत किंवा परवानगी नसेल तेथे अशा वईवरच भागवले जाई. शब्दाचा अर्थ कुंपणावरून कुंपणाआतील वाड्यावर आणि तेथून वाडीवर सरकत गेला. संस्कृत ‘वाट’ (कुंपण, आवार) या शब्दापासून आपले ‘वाडा’ आणि ‘वाडी’ आले, तोच हा प्रवास. प्लेसी नावाची ठिकाणे बहुधा अकराव्या ते तेराव्या शतकांत, रान तोडून नवी वस्ती होत असताना पडली असावीत. ल्वार नदीच्या उत्तरेस ती दाट आढळतात. अकरावा लुई जेथे १४८३ मध्ये वारला ते प्लेसी-ले-तूर आणि पॅरिसलगतचे ल प्लेसी-रोबँसों ही त्यांतील प्रसिद्ध. ब्रिटनीच्या ब्रेतों भाषिक भागात याच अर्थी ‘केंकीस’ हे नाव येते आणि तेही आडनाव झालेले आहे.

‘विणणे, गुंफणे’ या अर्थाचा लॅटिन धातू ‘प्लेक्तेरे’ आणि त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘प्लेक्सुस’ हे या कुलाचे मूळ, असे कोशांत सामान्यतः दिलेले असते. अर्थाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे, ध्वनीच्या दृष्टीने मात्र नाही. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ए’ पुढे ‘क्स’ आला की उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्याचा ‘इ’ होतो. लॅटिन ‘सेक्स’ (सहा) याचे फ्रेंच ‘सिस’ झाले ते याच नियमाने. ‘प्लेक्सुम’मधला ‘ए’ ऱ्हस्व धरला तर नियमाप्रमाणे ‘प्लीस’सारखे काही हाती यायला हवे, ‘प्ले’ नव्हे. उलट ‘आ’ अधिक ‘क्स’ यांचे ‘ऐ’ आणि पुढे ‘ए’ होणे अगदी नियमित आहे : लॅटिन ‘लाक्सारे’पासून फ्रेंच ‘लेसे’ (सोडणे), ‘फ्राक्सिनुस’पासून ‘फ्रेन’ (अ‍ॅश वृक्ष). म्हणून बोलीभाषेतील लॅटिनमध्ये ‘प्लाक्सुम’ असे ‘आ’कारयुक्त रूप होते असे मानावे लागते. मध्ययुगीन दानपत्रांतील लॅटिनमध्ये ‘प्लाक्सिटियुम’ असे लेखन मिळते, ते या मताला पूरक आहे. अर्थात ही दानपत्रे लिहिणारे कारकून बोलीतला शब्द कानाने ऐकून त्याला लॅटिन अंगरखा चढवीत, त्यामुळे त्यांची साक्ष किती मोलाची हा प्रश्न उरतोच. तरीही दोन पर्यायांत ‘आ’काराचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. दक्षिणेकडील ऑक्सितां भाषेत ‘प्लाइस’ हा कुंपणाचा शब्द ‘आ’ टिकवून आहे, ही त्याची सर्वांत बळकट बाजू. मूळ ‘आ’ असूनही आडनावात ‘ई-आय’ ही रोमन अक्षरे का, असा आक्षेप यावर येऊ शकतो. तो फार गंभीर नाही. बाराव्या-तेराव्या शतकांपासून ‘ए-आय’ आणि ‘ई-आय’ यांचे उच्चार एकमेकांत मिसळत गेले आणि लेखक त्यांची सर्रास अदलाबदल करीत. बेरी प्रांतात हेच स्थलनाम ‘प्लेक्स’ ‘ए-आय’ने लिहिले जाते; शेर जिल्ह्यातील सँ-तिलेर-आं-लिन्येर येथील शातो (गढी) द्यू प्लेक्स हे त्याचे ठळक उदाहरण.

अखेरच्या एक्सचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि आडनाव उच्चारायचे कसे हे त्यावरच ठरते. मध्ययुगीन हस्तलिखितांत शेवटचा एक्स बहुतेक वेळा ‘क्स’ दाखवीत नसे. कधी तो ‘उस’ या अक्षरगटाचे संक्षेपचिन्ह म्हणून येई, कधी नुसताच ‘स’ किंवा ‘झ’ याचा शोभिवंत पर्याय म्हणून. शिवाय लॅटिनची आठवण ठेवून लिहिण्याची हौस होती : ‘पे’ (शांती), ‘व्वा’ (आवाज), ‘क्र्वा’ (क्रूस), ‘न्वा’ (अक्रोड) या शब्दांना ‘पाक्स, वोक्स, क्रुक्स, नुक्स’ यांच्याकडे पाहून एक्स जोडला गेला आणि तो आजही मुका आहे. आडनावातील एक्स या तिघांपैकी कोणत्या वाटेने आला हे कागदावरून ठरवणे अवघड. लेखनिकांच्या सवयीचा भाग त्यात सर्वांत मोठा असावा. तसे असेल तर जुना उच्चार ‘द्युप्ले’ किंवा, दक्षिणेकडे, ‘द्युप्लेस’ असणार. लिमुझँ प्रदेशातील सँ-तिरिए या गावाच्या नावात अखेरीस हीच ‘ई-आय-एक्स’ अक्षरे आहेत आणि तेथे एक्स बोलला जात नाही; फ्वा, मिरप्वा, मोर्ले ही गावेही तशीच.

असे असूनही पॅरिसमध्ये आज हे आडनाव ‘द्युप्लेक्स’ असेच ऐकू येते. शहराच्या मेट्रोच्या सहाव्या मार्गावर या नावाचे स्थानक आहे (सुरू १९०६) आणि प्रवासी त्याला एक्ससकटच पुकारतात. लेखनावरून उच्चार बनल्याचे हे उदाहरण मानावे. त्याला जोड आहे ती एक्स-आं-प्रोव्हांस या शहराच्या नावाची : लॅटिन ‘आक्विस’पासून आलेल्या या नावात ‘क्स’ला व्युत्पत्तीचा आधार नाही, तरी तो बोलला जातो. मराठीत ‘डुप्ले’ हे रूप रूढ झाले ते इंग्रजी ग्रंथांच्या मार्फत असावे, फ्रेंच वाड्यावस्त्यांवरच्या बोलीशी त्याचा संबंध नाही. पण वरील विवेचन खरे धरले तर पाठ्यपुस्तकातील आपला उच्चार मूळ उच्चाराला पॅरिसच्या उच्चारापेक्षा जवळचा ठरतो, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. मराठी लेखनात ‘डुप्लेक्स’ही कधी आढळते, ते चूक म्हणता येत नाही, मात्र वाचकाला दुमजली सदनिकेची आठवण व्हायची.

ती आठवण काही फ्रेंच लेखकांनाही झाली आहे. लॅटिन ‘दुप्लेक्स’ (दुहेरी) या विशेषणापासून, म्हणजे जुळ्या भावंडाचे किंवा दुटप्पी माणसाचे टोपणनाव म्हणून, आडनाव निघाले असा तर्क केला जातो. ‘दुप्लेक्स’ असे आय-विरहित आडनाव फ्रान्समध्ये आहे, हे त्याला दिसणारे समर्थन. परंतु विद्वत्तेच्या लॅटिनमधून थेट आलेली टोपणनावे खेड्यापाड्यांतील आडनावांत विरळ असतात, आणि ‘द्यू’सह येणाऱ्या शेजारच्या आडनावांची रांग (द्युप्लेसी, द्युप्लेक्स ‘ए-आय’वाले, शिवाय ‘द्यू’विना नुसते प्लेक्स) समोर असताना हा तर्क स्वीकारण्याची गरज पडत नाही. आय-विरहित रूप हे कारकुनी लेखनभेद म्हणूनही सहज समजते.

स्थलनामापासून आलेल्या आडनावाला एकच मूळपुरुष असण्याचे कारण नाही. जितक्या वाड्यांना हे नाव, तितक्या ठिकाणी तेथून बाहेर पडलेल्या कोणालाही ते चिकटू शकते. वाडीतच राहणाऱ्याला मात्र शेजारी ते नाव देत नाहीत. फ्रान्समध्ये आडनावे वंशपरंपरागत होण्याची प्रक्रिया साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या शतकांत घडली असे मानतात. त्यानंतर विलेर-कोत्रेच्या १५३९ च्या राजाज्ञेने पाद्र्यांना बाप्तिस्म्यांची आणि ब्ल्वाच्या १५७९ च्या राजाज्ञेने विवाह व दफनांची नोंद ठेवणे भाग पडले. लेखन मात्र तेव्हाही स्थिर झाले नाही. एकाच कुटुंबाच्या दोन पिढ्यांत दोन वर्णलेखने सापडणे नेहमीचे आहे. क्रांतिकाळात, २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव लावण्यास बंदी झाली आणि १८७७ पासून मिळू लागलेल्या कुटुंबपुस्तिकेने अक्षरे गोठवली. पॅरिसपुरते आणखी एक विघ्न आहे : १८७१ च्या कम्यूनच्या (पॅरिसमधील बंडखोर नागरी राजवटीच्या) अखेरच्या दिवसांतील आगीत १८६० पूर्वीच्या नोंदवह्या दोन्ही प्रतींसह नष्ट झाल्या.

नावाच्या जुन्या धारकांत सिपियों डुप्ले (१५६९–१६६१) हा महत्त्वाचा. नैर्ऋत्य फ्रान्समधील गास्कनीतील कोंदों येथे जन्मलेला हा ग्रंथकार तेराव्या लुईचा दरबारी इतिहासकार होता. लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये तत्त्वज्ञान लिहिणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्याची गणना होते. वोजला या व्याकरणकाराने फ्रेंच भाषेच्या शुद्धतेचे नियम घातले तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या या गृहस्थाने १६५१ मध्ये त्याच्याविरुद्ध पुस्तक काढले. गव्हर्नरच्या घराण्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण दोन घराण्यांचे प्रदेश वेगळे आहेत. गव्हर्नरचे कुटुंब वंशावळीकार सामान्यतः पश्चिमेकडील प्वातू प्रांतातील शातेलरोच्या परिसरात नेतात. बेल्जियमच्या सीमेजवळील लांद्रसी हे त्याचे जन्मस्थान, मात्र त्यावरून आडनाव उत्तरेकडचे ठरवणे चूक होईल : वडील फ्रांस्वा डुप्ले तंबाखूच्या मक्त्याच्या कारभारात होते आणि बदलीची गावे ही मुळांचा पुरावा नसतात. पुढे कुटुंब ब्रिटनीत मोर्लेला गेले. म्हणजे मुक्या एक्सच्या गावी.

गव्हर्नरकडून आडनाव पुढे चालले नाही. जान अल्बेर हिच्याशी १७४१ मध्ये झालेल्या विवाहातील मुलगा जगला नाही. दुसऱ्या विवाहातून मुलगीच झाली. भावाच्या शाखेत बाकांकूर हे जहागिरीचे नाव जोडले गेले. त्या शाखेतील गीयोम-झोझेफ डुप्ले द बाकांकूर हा ब्रिटनी, बर्गंडी इत्यादी प्रांतांचा अधिकारी होता. १७९४ मध्ये त्याचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला.

भगिनी आडनावांचा प्रसार याच्या नेमका उलट आहे. ‘द्युप्लेसी’ फ्रान्सभर आहे. कार्डिनल रिशलिएचे घराण्याचे नाव द्यू प्लेसीच. क्वेबेकमध्येही ते रुजले. दक्षिण आफ्रिकेत ते प्वात्येचा शल्यकर्मी झां प्रियर द्यू प्लेसी याच्यासह १६८८ मध्ये, धर्मछळामुळे बाहेर पडलेल्या ह्यूगनो (फ्रेंच प्रॉटेस्टंट) निर्वासितांबरोबर पोहोचले आणि आज तेथील चांगलेच परिचित आफ्रिकान्स आडनाव आहे. पुण्याच्या आयपीएल संघाकडून २०१६ आणि २०१७ मध्ये खेळलेला फाफ डु प्लेसी याचे आडनाव आणि पाठ्यपुस्तकातील डुप्ले, दोन्ही एकाच विणलेल्या वईतून निघालेली.

आजच्या प्रसाराबद्दल बोलताना साधनाची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची आडनावसूची १८९१ पासूनच्या जन्मांवर आधारलेली आहे. ती माणूस कोठे जन्मला हे सांगते, कोठे राहतो हे नव्हे. जिल्ह्याचे प्रसूतिगृह शहरात असले की खेड्यातले आडनाव नकाशावर शहरी दिसते. अत्यल्प नोंदी असलेली नावे ‘इतर’ या एकाच रकान्यात जातात. अशा सूचीवरून विरळ नावाचे नकाशे काढणे हे चार तांदळांवरून भाताची जात ओळखण्यासारखे आहे. फ्रान्सबाहेर इंग्रजीभाषक देशांत हे आडनाव तुरळक आढळते. ऑस्ट्रेलियन खाद्यलेखिका जिल डुप्ले हे त्यातले ठळक नाव. फ्रेंच दिवाणी संहितेचे ६१ वे कलम चौथ्या अंशाच्या नात्यापर्यंतच्या पूर्वजाचे किंवा नातलगाचे आडनाव नामशेष होऊ नये म्हणून ते धारण करण्यासाठी अर्ज करू देते. १ जानेवारी २००५ पासून अपत्याला आईचे किंवा दोघांचेही आडनाव देता येते, आणि १ जुलै २०२२ पासून प्रौढ व्यक्तीला आईचे आडनाव घेणे आणखी सोपे झाले आहे.

माणसांपेक्षा वस्तूंवर हे नाव अधिक दिसते. पॅरिसच्या पंधराव्या विभागात या नावाचा रस्ता आणि चौक आहे. फ्रेंच नौदलाने ते एकाहून अधिक जहाजांना दिले : त्यांतील एक क्रूझर १९४२ मध्ये तूलाँ बंदरात फ्रेंचांनीच बुडवली, तर १९८१ मध्ये सेवेत आलेली फ्रिगेट २०१४ मध्ये निवृत्त झाली. गव्हर्नरचा पुतळा पुदुच्चेरीत १८७० मध्ये आणि लांद्रसीत १८८८ मध्ये उभारला गेला. सर्वांत विलक्षण रूप मात्र तामिळ प्रदेशातले. १७५० मध्ये निजाम नासिरजंग मारला गेला त्या जिंजीजवळच्या जागी डुप्लेने ‘डुप्ले-फतेहाबाद’ वसवायला घेतले. फ्रेंच आडनावाला फारसी शेपूट जोडलेले हे गाव क्लाइव्हच्या सैन्याने लवकरच जमीनदोस्त केले.